मुरमुऱ्याचा रस्ता

मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता वसुधा गेली. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होतो. दोन कप घेऊन मी खोलीत गेलो. नर्सने माझ्या हातातले कप घेतले आणि खिडकीत ठेवले. मग तिने वेळ सांगितली. मी ती कॅलेंडरवर लिहिली.

त्यानंतर दहाव्या महिन्यात मी धाराशिव जिल्ह्यात जाऊन आलो. तिथल्या एका गल्लीपाशी मला जायचं होतं.

वसुधा, माझी बायको, रस्त्यांच्या खात्यात इंजिनिअर होती आणि मी चिपळूणच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. बढतीबरोबर तिची बदली तिकडे झाली, तेव्हा भूममध्ये खोली घेऊन ती तीन वर्षं एकटी राहिली. दर शनिवारी संध्याकाळी फोन यायचा. आज कुणाकडे जेवले, कुठल्या पुलावर उभी राहिले, कोण काय म्हणालं, हे सगळं सांगून झालं की शेवटी म्हणायची, "या सुट्टीत ये." मी म्हणायचो, पुस्तकांची वार्षिक तपासणी होऊ दे. ती तपासणी तीन वर्षं संपली नाही. मी एकदाही गेलो नाही.

त्या काळात तिने एक काम स्वतःच्या डोक्याने केलं. आमचं अंगण जांभ्याचं आहे. कोकणातला पाऊस कोसळतो, आणि थांबला की थोड्या वेळात अंगणात चप्पल ओली होत नाही. जांभा पाणी पितो. ते कुठे जातं हे आमच्याकडे कुणी विचारत नाही. वसुधा विचारायची. "दगड पितो, तर डांबर का नाही पिणार?" मी तिला लायब्ररीतलं एक मासिक आणून दिलं. परदेशात मोटारींच्या शर्यतीच्या रस्त्यांवर आणि काही हमरस्त्यांवरही सच्छिद्र डांबराचा थर देतात, पाणी वर साचत नाही, आत उतरून बाजूला जातं, चाकं घसरत नाहीत, असा त्यात लेख होता. ते मासिक मी कधीच परत जमा केलं नाही. अजून ते आमच्या कपाटात आहे.

परंडा तालुक्यातल्या एका वाडीत तिला रस्ता करायचा होता. त्यातल्या गल्लीचा खोलगट तुकडा, शंभरेक पावलांचा, तिने वरिष्ठांची परवानगी घेऊन या नव्या पद्धतीने केला. खाली फुटक्या दगडांचा थर, त्यावर छिद्रांचं डांबर. तिथली काळी माती पाण्याने फुगते, म्हणून दगडांतून एक पाइप काढून तो गल्लीच्या टोकाच्या आडात सोडला. त्या आडाचं पाणी जनावरांसाठी वापरतात.

तिची पुढची बदली झाल्यावर दोन वर्षांनी खात्याने पाहणी केली. तिच्याकडे अहवालाची प्रत आली. एकच वाक्य होतं: "सदर तुकड्यात पाणी मुरत नसल्याचे आढळून आले." वसुधा कुणाशी भांडली नाही. वही काढून आकडे पुन्हा मांडत बसली. निवृत्तीनंतरही मधूनच मांडायची. आजारपणात, बोलणं कमी झाल्यावर, एकदा दुपारी डोळे मिटूनच म्हणाली, "बारीक खडी अजून चाळून काढायला हवी होती. मी कुठे चुकले ते एकदा जाऊन बघायला हवं होतं."

ते बघायला मी गेलो. रस्त्यांतलं मला काही कळत नाही. बरोबर तिची वही होती आणि तिचा तांब्या. रस्ता पाणी पितो की नाही हे बघायची तिची पद्धत साधी होती. भरलेला तांब्या एका जागी ओतायचा आणि पाणी दिसेनासं होईपर्यंत आकडे म्हणायचे. वहीत त्या गल्लीसमोर तिच्या अक्षरात लिहिलं होतं: बारा.

तुळजापूर

तिची तिकडून आलेली पाकिटं मी जपून ठेवली आहेत. त्यांवर उस्मानाबाद आहे. आता बसच्या पाट्यांवर धाराशिव लिहिलेलं असतं. सोलापूरहून निघालेल्या बसमध्ये मी पाटी वाचूनही कंडक्टरला दोनदा विचारलं. तो म्हणाला, "तेच हे, काका. नाव बदललंय, खड्डे तेच हायेत."

तुळजापुरात एक रात्र लॉजवर काढली. सकाळी देवळाच्या वाटेवर दुकानं नुकती उघडत होती. हळदीकुंकवाचे ढीग, कवड्यांच्या माळा, परड्या. एका दुकानातल्या बाईंनी मला थांबवलं. "ओटी न्या की देवीला. खण, नारळ, बांगड्या, सगळं हाय."

मी घेतली. पिशवी माझ्या हातात देता देता त्या थबकल्या. "तुमच्या हाती कशाला? ओटी बायका भरतेत. बाई रांगेत उभ्या हायेत का?"

मी हो म्हणालो. खोटं बोलायचं ठरवलं नव्हतं. त्या बाई म्हणाल्या, "मग पळा, रांग सरकायलीय."

रांगेत माझ्या पुढे एक सून आणि तिची सासू होती. ओटी मी सुनेच्या हाती दिली आणि भरायला सांगितलं. तिने कुणाच्या नावाने म्हणून विचारलं. मी नाव सांगितलं. गर्दीच्या आवाजात तिला ते 'सुधा' ऐकू आलं असावं, कारण आत जाताना ती तसंच पुटपुटत होती. मी दुरुस्त केलं नाही. देवीला कळलं असेल.

तेरखेडा

वहीच्या शेवटच्या पानावर फक्त एवढंच होतं: रज्जाक मुकादम, तेरखेडा. रस्ता करणाऱ्या मजुरांच्या टोळीचा तो मुकादम, हे मला शनिवारच्या फोनांमुळे माहीत होतं.

तेरखेडा फटाक्यांचं गाव. दिवाळी होऊन गेली होती, तरी दुकानांवर रंगीत पाट्या होत्या. चहाच्या टपरीवर विचारलं तर तिथल्या माणसाने गावाबाहेरच्या एका फटाक्याच्या कारखान्याकडे बोट दाखवलं. रज्जाकभाई तिथे फाटकावर राखण करतात. पांढरी दाढी, खात्याचा जुना खाकी शर्ट, पायांत टायरच्या चपला. मी जवळ जाताच त्यांनी हात आडवा केला.

"काडीपेटी असंल खिशात तर तितंच ठिवा."

"मी ओढत नाही."

"समदे असंच म्हणतेत." त्यांनी माझे खिसे वरून चाचपले, समाधान झाल्यावर विचारलं, "कोण पाहिजे?"

मी नाव सांगितलं, वसुधाचं सांगितलं, आणि ती गेल्याचं सांगितलं. ते स्टुलावर बसले. जरा वेळाने उठले, मला स्टूल दिलं आणि स्वतः फाटकाला टेकून उभे राहिले.

"आमाला कळवायचं तरी, साहेब. बाईसाब गेल्या न् आमी हितं फाटक उघडायलाव न् लावायलाव."

मी वही उघडून ते पान दाखवलं. त्यांना वाचता येतं की नाही ते मला कळलं नाही. त्यांनी नावावरून बोट फिरवलं.

मग ते त्या कामाविषयी बोलू लागले. साधा रस्ता दाबावा तेवढा चांगला, हा रस्ता मात्र जास्त दाबला की मेला. रोलरवाला जुना माणूस, थांबेना. "बाई रोलरच्या म्होरं जाऊन उभ्या ऱ्हायल्या. म्हणल्या, बास. लाडू दाबून त्याचा पेढा करू नका."

"लाडू?"

रज्जाकभाई पहिल्यांदा हसले. ग्रामसभेत रस्ता समजावून सांगताना वसुधाने दोन लाडू नेले होते, एक बेसनाचा, एक कुरमुऱ्याचा. दोन्हींवर पाणी ओतून दाखवलं. बेसनाच्या लाडवावरून ते ओघळलं, दुसऱ्यातून खाली ताटलीत उतरलं. "तर त्या म्हणल्या, हा कुरमुऱ्याचा रस्ता. समदी सभा हसली. आमी म्हणलं, बाई, कुरमुरा न्हाय, मुरमुरा. ज्याच्यात मुरतंय तो मुरमुरा. बाईनी लगीच वही काढली न् लिव्हून घेतलं."

ते खरं होतं. वहीत आहे. मी ते शब्द अनेकदा वाचले होते आणि मला वाटलं होतं की हा कसल्या तरी फराळाचा हिशोब असेल.

"पण नंतर पाणी मुरलं नाही," मी म्हणालो.

"कागद तसा आला. म्या बघाय गेलो न्हाय." ते फाटकाकडे बघत राहिले. "लाज वाटली, साहेब. खडी म्या चाळली व्हती."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली आणि माझ्याबरोबर निघाले.

सोनारी

भूममधून जाताना तिची खोली कुठे होती ते बघितलं. खाली आता मोबाइलचं दुकान आहे. वरच्या खिडकीला निळा पडदा होता. मी कुणाला विचारलं नाही. कुंथलगिरीचे पेढे मात्र घेतले. प्रत्येक सुट्टीला ती ते आणायची आणि भाजक्या खव्याचा वास तिच्या पिशवीतल्या कागदांनाही यायचा. माझ्याकडे त्या वासाचं एक धरणाच्या कामाचं पुस्तकही होतं. वास आता गेला आहे.

सोनारीला भैरवनाथाचं देऊळ आहे आणि देवळाभोवती माकडं. रज्जाकभाईंनी आधीच बजावलं, "पिशवी काखंत दाबा." मी दाबली. पण दर्शन झाल्यावर चप्पल घालायला वाकलो तेवढ्यात एका मोठ्या माकडाने मागून पेढ्यांचा पुडा काढला आणि पायरीवर बसून दोरा व्यवस्थित सोडवला. मी हात पुढे केला तर त्याने माझ्याकडे दात दाखवले. आमच्या गावची माकडं असं करत नाहीत. ती माणसाला घाबरून आंबे फेकतात.

"आता ऱ्हाऊ द्या," रज्जाकभाई म्हणाले. "त्येचा मान हाय हितं."

पुढचा रस्ता जीपमधला. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, कणसं भरत आलेली. मधूनच कुठेतरी हुरड्याचा धूर. आमच्याकडे या दिवसांत शेतं रिकामी असतात आणि भात घरात आलेलं असतं. इथली जमीन पावसाळा संपल्यावर कामाला लागते, जिरलेल्या ओलीवर. "इथे पाणी दिसत नाही," वसुधा फोनवर म्हणाली होती, "पण सगळं पीक न दिसणाऱ्या पाण्यावर उभं असतं." तेव्हा मी बहुतेक कसली तरी यादी तपासत ऐकत होतो.

वाडी

वाडीचं नाव लिहीत नाही. "लिव्हू नका," असं निघताना मला बजावलं गेलं, "पुन्हा कुणी तरी तपासाय यायचं."

गल्लीच्या तोंडाशी गाड्या धुण्याचं एक ठिकाण आहे, नामदेव नावाच्या माणसाचं. त्याच्याकडे बोअर आणि जोराने पाणी मारणारा पंप आहे. त्याने रज्जाकभाईंना ओळखलं. "काय मुकादम, शर्यत लावाय आलाव का?" मला तो म्हणाला, "बाईनी सभेत सांगितलं व्हतं, असले रस्ते शर्यतीसाठी करतेत. म्या तवाच इचारलं, मग आपली शर्यत कधी? धा साल झाले, वाट बघायलोय."

गल्ली मी बघितली. काळसर, खडबडीत, मध्ये किंचित खोल. दोन्हीकडे घरं. एका घरापुढे लिंबाचं मोठं झाड आणि त्याच्या सावलीत ओटा. हे कौसाबाईंचं घर. हे नाव मला चांगलं ठाऊक होतं. 'आज कौसाबाईंकडे धपाटे खाल्ले' हे वाक्य मी फोनवर इतक्यांदा ऐकलं होतं की मला ती एखादी खाणावळ वाटायची.

कौसाबाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. पंच्याहत्तरीच्या असतील. रज्जाकभाईंनी मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत बघितलं.

"हे व्हय जावई! तीन साल माझी बाई म्हणायची, येनारेत, येनारेत. म्या दर बारीला दही राखून ठिवायची. आंबून जायचं." मग माझ्या मागे गल्लीत बघत, "बाईला का आणलं न्हाय?"

मी सांगितलं.

त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. ती त्यांनी फोडली, दाणे टोपलीत टाकले, टरफल बाजूला टाकलं. आणखी दोन शेंगा फोडल्या. मग पदर तोंडाला लावला.

संध्याकाळ व्हायच्या आत मला तांब्या ओतायचा होता. मी कारण सांगितलं. कौसाबाईंनीच तो भरून दिला. मी त्यांच्या दारासमोर रस्त्यावर गेलो, तांब्या उपडा केला आणि म्हणू लागलो. बारा झाले. वीस झाले. पाणी होतं तिथेच होतं. त्यात लिंबाच्या फांद्या दिसत होत्या. पन्नासनंतर मी म्हणणं थांबवलं. पाणी हळूच कडेला ओघळलं आणि मातीत गेलं.

रज्जाकभाई खाली बसले होते. "चाळली व्हती, साहेब," ते म्हणाले. "दोनदा चाळली व्हती."

म्हणजे कागद खरा होता. मी वही पिशवीत ठेवली. कौसाबाईंना यातलं फारसं काही कळलं नसावं, किंवा कळूनही त्यांनी विषय बदलला. "त्ये खात्याचे साहेब बी असंच करून गेले," त्या म्हणाल्या. "ऊन लई व्हतं. हितंच लिंबाखाली बसले. म्या च्या केला. बादली हितंच वतली, काय तरी लिव्हलं न् गेले. मानूस चांगला व्हता, कप धुऊन ठिवला."

त्या रात्री ज्वारीची भाकरी, येसर आमटी आणि कांदा जेवलो. माकडाची गोष्ट ऐकून कौसाबाई म्हणाल्या, "भैरोबाच्या मानसानं खाल्लं म्हंजी पोचलं." आमच्याकडे पाहुण्याला विचारून वाढतात. इथे पाहुण्याने नको म्हटलं की अर्धी भाकरी वाढते. मला भूक नव्हती, पण तिथे ती गोष्ट कुणी मानली नसती.

दुसरी सकाळ

उजाडताना खराट्याच्या आवाजाने जाग आली. ओट्यावर येऊन बघितलं. कौसाबाईंनी रस्ता झाडला होता. आता बादलीत शेण कालवून त्या सारवत होत्या. दारापुढचा हातभर भाग नव्हे, आपल्या घराच्या लांबीइतका सगळा डांबरी रस्ता, या कडेपासून त्या कडेपर्यंत. वाकून, हाताने, एकसारखं, बोटांची अर्धवर्तुळं उमटवत. मग त्यावर रांगोळी काढली.

शेजारच्या कुठल्याच दारात असं सारवण नव्हतं. त्यांनी डांबर झाल्यावर सोडून दिलं असणार.

मी बराच वेळ तिथे उभा होतो. भात झोडायच्या आधी आमच्याकडे खळं शेणाने सारवतात. दाणा भेगेत जाऊ नये, जमिनीतली छिद्रं बुजावीत म्हणून. हे मला लहानपणापासून माहीत आहे. वसुधालाही माहीत होतं. मी वही काढली. गावकऱ्यांना द्यायच्या सूचनांचं पान तिथे आहे. या रस्त्यावर माती टाकू नये. राख टाकू नये. चिखलाचा ट्रॅक्टर आणू नये. वाळू चाळू नये. शेणाचं नाव कुठेही नाही. डांबरी रस्ता कुणी सारवेल असं तिच्या मनात आलं नव्हतं.

मी तांब्या भरून घेतला आणि गल्लीत पुढे गेलो, कौसाबाईंच्या घराची हद्द सोडून, साधारण तीस पावलं. ओतला. एक, दोन, तीन. पाणी पसरलं, मग काळं डांबर ओलसर चमकलं, मग चमक गेली. एकोणीस.

मी पुन्हा भरून आणला. आणखी पुढे ओतला. बावीस. नामदेवच्या बाजूला, जिथे गाड्यांचा चिखल येतो, तिथे चाळीसच्या वर लागले, पण गेलं. रज्जाकभाई मागे येऊन उभे होते. त्यांनी माझ्या हातातला तांब्या घेतला आणि स्वतः ओतला. त्यांनी आकडे म्हटले नाहीत. पाणी गेल्यावर तिथे हात ठेवला.

मग त्यांची नजर सारवणावर गेली. त्यांनी तोंड उघडलं. मी त्यांचा दंड धरला आणि मान हलवली. त्यांनी तोंड मिटलं. आम्ही दोघं तसेच परत येत होतो, आणि काही न बोलता चहा पिऊन निघून जाणार होतो. मला जे बघायचं होतं ते मी बघितलं होतं.

पण कौसाबाई दारातून बघत होत्या. "तिकडं जातंय की पानी," त्या म्हणाल्या. "मग माझ्याच दारात का थांबतंय?"

नामदेव तोपर्यंत दात घासत तिथे आला होता. त्याने रस्ता बघितला, सारवण बघितलं आणि हसला. "मावशी, तुमी लाडवाला वरनं लेप द्यायलाव. रोज. मग मुरंल कुठनं?"

"चूप," रज्जाकभाई म्हणाले. पण बोललेलं बोलून झालं होतं.

कौसाबाई खाली उतरल्या. "बाईनी माती टाकू नका म्हणलं व्हतं. म्या कधी चिमूटभर माती टाकली न्हाय. शेण कुठं माती असतंय?" त्यांनी शेजारच्या दारांकडे हात केला. "बाईचा रस्ता हाय. आजूबाजूचे ठिवतेत पारोसा. म्या कसा ठिवायचा? एक दिस चुकवलं न्हाय. तापात बी न्हाय."

आणि मग त्यांच्या लक्षात आलं. ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. "त्या साहेबांनी बादली हितंच वतली व्हती." माझ्याकडे वळून, "जावईबापू, कागदावर काय लिव्हलं व्हतं?"

मी सांगितलं.

"बाईला कळलं व्हतं का?"

"हो."

"तिला वाटलं का, तिचंच चुकलं?"

खोटं बोलायची तयारी मी चार पावलांपूर्वीच केली होती. पण त्या बाईसमोर ते जमलं नाही. "हो," मी म्हणालो. "पण साहेबांनी एकाच जागी पाणी ओतलं, कारण तिथे सावली होती. ही चूक त्यांची आहे. आणि मी त्याच वर्षी इथे आलो असतो तर तेव्हाच कळलं असतं. ती माझी."

मी हे आधी कधी बोललो नव्हतो. स्वतःशीही नाही.

कौसाबाईंनी डोळे पुसले नाहीत. नामदेवला म्हणाल्या, "पंप आन."

"मावशी, पानी लई लागंल. टाकी रिकामी होईल."

"मुरलं तर आडातच जाईल न्हवं? जनावरं पितील. आन म्हणते ना."

दुपारपर्यंत नामदेव पाइप धरून उभा होता. जोराच्या धारेने आधी रांगोळी गेली, मग आजचं सारवण, मग कालचं, मग एकाखाली एक बसलेले थर निघू लागले, तपकिरी, काळपट, हिरवट. रज्जाकभाई तारेच्या ब्रशने घासत होते. कौसाबाई बसून घासत होत्या, त्यांना उठवायची कुणाची हिंमत नव्हती. मीही घासलं. माझ्या हातांना त्या कामाची सवय नाही, ते नामदेवने दोनदा बोलून दाखवलं. "काका, पुस्तकाचं पान उलटायलाव का?" गल्लीतले लोक येऊन बघून गेले. एका बाईने धपाटे आणि दही आणून दिलं.

खडीच्या मधली छिद्रं दिसू लागली तेव्हा रज्जाकभाईंनी मला बोलावून दाखवलं. "हे बघा. मुरमुरे."

ऊन कलल्यावर तांब्या कौसाबाईंच्या हातात दिला. त्यांनी ओतला आणि आपल्या पद्धतीने मोजलं. त्यांना विसापर्यंतच आकडे येतात, मग एक बोट मुडपून पुन्हा एकपासून. एक वीस झाली. पाणी होतं. दुसरी वीस झाली. बोटं मिटलेला हात त्यांनी छातीशी धरला होता. पाणी कमी कमी होत एका खोलगटात आलं, वाटीएवढं राहिलं, मग बुजगावण्याच्या तोंडासारखं वाकडं झालं आणि गेलं.

"दोन ईसा न् सात," त्या म्हणाल्या.

बाराचे सत्तेचाळीस झाले होते. जुना रस्ता पूर्वीसारखा होत नाही, असं वसुधाने वहीत दुसऱ्या कुठल्या तरी रस्त्याविषयी लिहिलं आहे.

नामदेव गल्लीच्या टोकाला ओरडला. आम्ही गेलो. आडाच्या आतल्या बाजूने, वाकून बघितल्यावर दिसणाऱ्या पाइपातून बारीक धार पडत होती. "पावसाळ्यात ही धार बोटायेवढी असती," तो म्हणाला. "आमी समजत व्हतो, जुना झरा फुटला. भैरोबाला नारळ बी फोडला व्हता." कौसाबाई आडाच्या कठड्याला धरून, धार थांबेपर्यंत उभ्या होत्या.

निघताना

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी रस्ता झाडला आणि बादलीत नुसतं पाणी घेतलं. ते शिंपडून मुरेपर्यंत बघितलं. मग रांगोळीचा डबा हातात घेऊन मला विचारलं, "ही चालंल का? ही दगडाची असती, माती न्हाय." वहीत रांगोळीचंही नाव नाही. मी रज्जाकभाईंकडे बघितलं.

"भुकटी आत जाती, मावशी. उंबऱ्यावर काढा."

त्यांनी उंबऱ्यावर काढली.

मी तांब्या पिशवीत ठेवू लागलो, तर कौसाबाईंनी तो मागितला. म्हणाल्या, पुढचे साहेब आले तर त्यांना समद्या गल्लीत वताय लावीन, उन्हातच. सावलीत बसू देनार न्हाय, च्या बी नंतर. मी दिला. एका फडक्यात त्यांनी मला वाटेसाठी धपाट्यांची शिदोरी बांधून दिली आणि डोक्यावर हात ठेवला. तसा हात माझ्या डोक्यावर कुणी ठेवून किती वर्षं झाली ते आठवलं नाही.

रज्जाकभाईंना तेरखेड्याच्या फाट्यावर सोडलं. जीपमधून उतरताना त्यांनी वही मागितली. वसुधाच्या अक्षरातल्या त्या 'बारा'वर बोट ठेवून वाचायला सांगितलं. मी वाचलं. त्यांनी मान डोलावली आणि फाटकाकडे गेले.

खात्याला मी पत्र लिहिलं आहे. उत्तर आलेलं नाही. चिपळूणला परत आल्यावर वहीत, तिच्या शेवटच्या ओळीखाली, मी माझ्या अक्षरात लिहिलं: कौसाबाईंच्या दारात शेण होतं. बाकी ठिकाणी पाणी मुरतं. तुझी खडी बरोबर होती.

वही कपाटात त्या मासिकाशेजारी आहे. तांब्या कौसाबाईंकडे आहे. गल्ली तिथे आहे.